अडुसष्ट बाय पंचाहत्तर

कुर्ल्यात सीएसटी रोडच्या कडेने जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, दरवाजे, काचा आणि जुन्या टायरवर टेकवून ठेवलेली इंजिनं. प्रीमियर पद्मिनीचं इंजिन हवं असेल तर हल्ली या ढिगांत बराच वेळ शोधावं लागतं. सापडलं की विकणारा झाकणावरचं तेल फडक्याने पुसतो आणि चालू गाडीतून काढलंय म्हणून सांगतो. ते खरं असेलही. जाणता मिस्त्री मात्र चारही स्पार्क प्लग काढायला लावतो, पुढच्या पुलीच्या नटाला पाना घालतो आणि इंजिन हाताने फिरवतो. सावकाश, पूर्ण दोन फेरे.

दोनच का, तर चारही सिलिंडरचं सगळं काम, म्हणजे हवा-पेट्रोल ओढणं, दाबणं, जळणं आणि धूर बाहेर टाकणं, क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरं होतं. तेवढ्यात हाताला बरंच कळतं. ओढ सगळीकडे सारखी लागली तर ठीक. एका ठिकाणी अडखळलं आणि पुन्हा सुटलं, तर आत कुठेतरी गंज धरलाय किंवा एखादा व्हॉल्व्ह त्याच्या नळीत चिकटतोय. वाळू भरडल्यासारखी कुरकुर आली तर तेलाच्या वाटांत घाण आहे. आणि फिरलंच नाही तर जोर लावायचा नाही. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडायचं, एक-दोन दिवस तसंच ठेवायचं आणि मग पुन्हा पाना हातात घ्यायचा. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या इंजिनाला थेट बॅटरी जोडून स्टार्टर मारणाऱ्या उत्साही मालकांनी जेवढी चांगली इंजिनं मोडली असतील, तेवढी मुंबईच्या पावसानेही मोडली नसतील. गंजाच्या एका पट्टीवरून रिंग जोरात घासली की ती तुटते, आणि तुटलेला तुकडा सिलिंडरची भिंत खरवडून काढतो.

हे इंजिन मूळचं कुर्ल्याचंच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. आधी अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या तिथे जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकात गोल नाकाची फियाट ११०० आली. तिला लोकांनी लाडाने डुक्कर फियाट म्हटलं. १९६४ मध्ये सरळ रेषांची डिलाइट आली. तीच गाडी सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि पुढे पद्मिनी. खुद्द इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं. कुर्ल्यात ते पुढे तीस वर्षं, नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालू राहिलं.

इंजिन मात्र याहून जुनं आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची वरखाली धाव ७५ मिलिमीटर. चार सिलिंडरचा हिशेब केला की १०८९ सीसी येतात. हेच माप दान्ते जाकोसा या फियाटच्या इंजिनिअरने १९३७ च्या ५०८ सी या गाडीला दिलं होतं. त्या गाडीचं इंजिन ३२ अश्वशक्तीचं होतं, पद्मिनीचं सुमारे ४० चं. कार्बोरेटर, कॉम्प्रेशन, कॅम असं बरंच काही मधल्या काळात बदललं, पण अडुसष्ट बाय पंचाहत्तर तसंच राहिलं. याच घराण्यातलं इंजिन घेऊन दुसऱ्या महायुद्धानंतर तुरीन शहरात चिसितालिया २०२ ही गाडी तयार झाली. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत ताझिओ नुवोलारी याने चिसितालियाच चालवत दुसरा क्रमांक मिळवला. पिनिन फारिनाने घडवलेल्या देहाची एक २०२ आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. दादरच्या टॅक्सी स्टँडवर उभ्या असलेल्या काळ्यापिवळ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याच वंशाचं यंत्र धडधडत होतं, हे आपल्याला कुणी फारसं सांगितलं नाही.

टॅक्सीचा उल्लेख इथे आठवणींपुरता नाही. बाजारात मिळणाऱ्या जुन्या इंजिनांतली बरीचशी टॅक्सीतून आलेली असणार, हे गृहीत धरूनच तपासणी करावी लागते. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस तिचं आयुष्य कायद्याने संपलं. या गाड्यांनी उभ्या आयुष्यात तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मोकळा रस्ता क्वचितच पाहिला. सिग्नलला उभं राहणं, पहिला, दुसरा, पुन्हा उभं राहणं. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी. या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. हा वायू कोरडा आणि गरम जळतो, आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर त्याचा ताण येतो. ही सगळी कहाणी इंजिनाच्या आत नोंदलेली असते. हेड उचललं की ती वाचायला मिळते.

उचलण्याआधी मात्र बाहेरून करायच्या तपासण्या पुऱ्या करायच्या, कारण एकदा उघडलं की त्या पुन्हा करता येत नाहीत. तेलाची पट्टी बाहेर काढली आणि तेल दुधाळ दिसलं तर पाणी तेलात गेलंय. हेडचं पॅकिंग फुटलं असेल किंवा धातूला चीर गेली असेल. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिहायचे. आकडा किती मोठा यापेक्षा चौघांत फरक किती, हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत सगळे असतील तर इंजिन एकसारखं झिजलंय आणि त्याच्यावर पैसे घालायला हरकत नाही. एक सिलिंडर फार खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर दोष रिंगचा किंवा बोअरचा, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर दोघांच्या मधलं पॅकिंग गेलंय. तीन चाचण्या, एक गेज, अर्धा तास. ज्या कामासाठी पुढे हजारोंचा खर्च व्हायचा आहे त्याची दिशा इथेच ठरते, आणि नेमकं हेच काम घाईत वगळलं जातं.

मग ब्लॉकवरचा नंबर. घासून काढलेला, पुन्हा ठोकलेला किंवा कागदाशी न जुळणारा नंबर दिसला तर इंजिन कितीही चांगलं असो, तिथून निघावं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली गाडीत इंजिनाचा बदल परस्पर करता येत नाही, आणि नवा इंजिन नंबर आरसी बुकावर चढवून घ्यावा लागतो. जुन्या गाडीच्या मालकाला मूळ इंजिन जपायला आता आणखी एक कारण आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी 'व्हीए' मालिकेच्या नंबरसाठी अर्ज करू शकते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, नूतनीकरणाची पाच हजार. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये या दारापर्यंत आली. तिच्यात कुणी सोयीसाठी दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलं असेल तर तिथेच घोडं अडतं.

आता हेड. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापलं की ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं, म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरच्या नटापासून आतल्या नटाकडे, प्रत्येक नट थोडाथोडा सोडवत हेड काढायचं. एक नट पूर्ण सोडून दुसऱ्याकडे गेलं तर हेड वाकतं. बऱ्याच वर्षांच्या नळाच्या पाण्याने ते स्टडला धरून बसलेलं असतं. अशा वेळी फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. त्या एका ओरखड्यातून पुढे कायम पाणी झिरपतं. लाकडी ठोकळा आणि हलका हातोडा, कडेकडेने, धीराने.

काढलेलं हेड साफ करून त्यावर सरळ पोलादी पट्टी तिरपी, आडवी, उभी ठेवतात आणि खाली फिलर गेजचं पातळ पान सरकवून पाहतात. ०.०५ मिलिमीटरचं पान सहज गेलं तर हेड प्लेन करायला लेथवाल्याकडे जायचं. त्याहून वाईट गोष्ट पाण्याच्या भोकांभोवती असते. तिथलं ॲल्युमिनियम पोखरून भोकाची कड थेट पॅकिंगच्या खालपर्यंत सरकलेली दिसते. थोडं असेल तर ॲल्युमिनियम वेल्डिंगने भरून पुन्हा प्लेन करतात. फार असेल तर दुसरं हेड शोधणं शहाणपणाचं. ब्लॉकच्या बाजूला पाण्याच्या पोकळ्या बंद करणारी पत्र्याची गोल बुचं असतात. ती आतून गंजतात आणि बाहेरून साबूत दिसतात. ती काढली की मागच्या पोकळीत चुन्याचा आणि गंजाचा चिखल घट्ट बसलेला मिळतो. मागचा, म्हणजे चार नंबरचा सिलिंडर गरम होण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच असतं. तारेने, पाण्याच्या जोराने तो पूर्ण काढायचा आणि बुचं नवी बसवायची. स्वस्तातलं काम आहे, पण त्याने इंजिनाचं आयुष्य वाढतं.

व्हॉल्व्ह काढताना सगळ्यात मोठी शिस्त क्रमाची. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीशी, प्रत्येक पुशरॉड आणि टॅपेट त्याच्या कॅमच्या उंचवट्याशी वर्षानुवर्षं घासून जुळलेलं असतं. जोड्या बदलल्या तर झीज नव्याने सुरू होते. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यांना नंबर दिले की काम भागतं. व्हॉल्व्ह नळीत घालून डोकं हलवून पाहायचं. डुलला तर ती नळी, म्हणजे गाइड, झिजलीय, आणि सोडलेला अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा दाबताना निघणारा निळा धूर तिथूनच येत होता. शिशाचं पेट्रोल देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. आरोग्यासाठी ते फार चांगलं झालं. जुन्या इंजिनात मात्र ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये पातळ गादीसारखं काम करायचं. ती गादी गेली, वर सीएनजी आला, म्हणून टॅक्सीच्या हेडमधल्या एक्झॉस्ट बैठका खोल गेलेल्या दिसल्या तर नवल नाही. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बैठक वेगळी ठोकून बसवलेली असते. ती काढून कडक धातूची नवी घातली की प्रश्न मिटतो. बाकीच्या व्हॉल्व्हना लॅपिंग पेस्ट लावून, काठीच्या रबरी टोकाने धरून, हाताच्या तळव्यांत फिरवत बसवायचं. करड्या रंगाची अखंड, सारख्या रुंदीची कडी दिसली की थांबायचं. शेवटी पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओतून पाहतात. बैठकीतून ओल आली नाही तर झालं.

यानंतर नजर बोअरमध्ये जाते. सिलिंडरच्या वरच्या कडेखाली, जिथे वरची रिंग वळते, तिथे नख अडकण्याइतकी पायरी असेल तर भिंत बरीच गेलीय. पण नख हे माप नाही. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी काटकोनात अशी मापं घ्यावी लागतात. पिस्टन एका बाजूला जास्त रेटतो, त्यामुळे गोल बोअर हळूहळू अंडाकृती होतो. मूळ मापापेक्षा झीज साधारण ०.१५ मिलिमीटरच्या पुढे गेली की नुसत्या नव्या रिंगांनी भागत नाही. रिंग गोल असते, भिंत गोल राहिलेली नसते. मग बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात. व्यास एक मिलिमीटरने वाढवला, म्हणजे ६९ केला, तर १०८९ चे ११२२ सीसी होतात. त्यातून ताकद फारशी मिळत नाही, भिंत मात्र पातळ होते आणि पुढच्या पिढीसाठी उरलेली एक संधी खर्च होते.

पद्मिनीच्या इंजिनावर पैसे वाया जातात ते दोन प्रकारे. एक, न उघडता सुरू करण्यात. दुसरं, उघडलंच आहे तर सगळंच नवं करण्यात. दुसरी चूक जास्त सभ्य दिसते, म्हणून ती जास्त होते. झीज मर्यादेत असताना बोअर करायला देणं, चांगला क्रँक उगाच ग्राइंड करणं, कारखान्यातून आलेला मूळ पिस्टन फेकून आज बाजारात मिळेल तो घालणं, यात इंजिनाचं धातूचं भांडवल कमी होतं. नव्याने तयार होणाऱ्या सुट्या भागांचा दर्जा सारखा नसतो. पिस्टनचं वजन काट्यावर तोलून चौघांत फरक नाही हे पाहावं लागतं. मर्यादेत असलेल्या बोअरला होनिंग करून आडव्यातिडव्या बारीक रेघा पाडायच्या, म्हणजे तेल धरून राहील, आणि नव्या रिंगा घालायच्या. रिंग घालण्याआधी ती सुटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजायची. फार कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते. हा एक मिनिटाचा खटाटोप आहे, आणि प्रत्येक रिंगेसाठी करायचा आहे.

खालची बाजू. क्रँक तीन मेन बेअरिंगवर फिरतो. आजच्या चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत पाच असतात, त्यामुळे इथे मधल्या बेअरिंगवर भार जास्त. बेअरिंगची शेल काढून उजेडात धरली की कळतं. सारखा करडा, मंद रंग म्हणजे ठीक. तांबूस झाक दिसली तर वरचा मऊ थर संपलाय. बारीक खोल रेघा असतील तर तेलातून कचरा फिरत होता. क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांवर, म्हणजे जर्नलवर, मायक्रोमीटर लावून गोलाई मोजायची. गोल आणि गुळगुळीत असेल तर त्याच मापाची नवी शेल, नसेल तर ग्राइंडिंग आणि त्या मापाची शेल. बेअरिंगची प्रत्येक कॅप तिच्याच जागी, तिच्याच दिशेने परत गेली पाहिजे, म्हणून काढण्याआधीच पंचने ठिपके मारतात. क्रँकच्या आतून तेलाची बारीक भोकं जातात. तिथे वर्षानुवर्षांचा काळा गाळ दाबून बसलेला असतो. तो तारेने आणि हवेने काढला नाही तर नवी शेल काही दिवसांतच जुन्यासारखी होतात. सैल झालेली टायमिंग चेन, ऑइल पंपाचे गिअर, पाण्याच्या पंपाचं सील हे याच वेळी बदलून घ्यायचं, कारण पुन्हा इथवर पोचायला सगळं इंजिन उतरवावं लागेल.

एक नवं कलम या यादीत हल्लीच आलं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो आणि त्यातला पडदा, रबरी नळ्या, कार्बोरेटरची पॅकिंगं ही इथेनॉलचा विचार करून बनवलेली नव्हती. ती फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून महिनाभर उभी राहणाऱ्या हौसेच्या गाडीत कार्बोरेटरच्या तळाला पाणी आणि पांढरट गंज मिळतो. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा आणि नळ्या मिळतात. जुनी नळी बरी दिसते म्हणून ठेवू नये. तिथे गळती म्हणजे तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल.

जोडणीच्या दिवशी गॅरेजमध्ये बोलणं कमी होतं. काही पॅकिंगं बाजारात मिळत नाहीत. मग मिस्त्री जाड पॅकिंग कागद ओतीव भागावर धरतो आणि गोल तोंडाच्या छोट्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके देत जातो. कड कागद कापते, आणि भोकांसह तंतोतंत पॅकिंग हातात येतं. हे कसब कुर्ल्यात, पुण्याच्या नाना पेठेत, कोल्हापुरातही अजून आहे, पण ते ज्यांच्या हातात आहे त्यांचं वय साठीकडे झुकलंय. त्यांच्याकडे शिकायला बसलेली पोरं आता स्कॅनर लावून इंजेक्शनच्या गाड्या दुरुस्त करतात. त्यांचा दोष नाही, पोट त्यावर आहे. म्हणून पद्मिनी बाळगणाऱ्यांनी अशा मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून मापं वहीत उतरवून घ्यावीत, फोटो काढावेत, आणि त्यांच्या कामाचा मोबदला मागतील तेवढा द्यावा.

पहिल्या स्टार्टआधी प्लग न लावता स्टार्टरने इंजिन फिरवायचं, तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझेपर्यंत. मगच प्लग. सुरू झाल्यावर आयडलिंगला सोडून चहा प्यायला जायचं नाही. कॅम आणि टॅपेट एकमेकांना सरावायला सुरुवातीची वीस मिनिटं थोडा चढा वेग लागतो, आणि रिंगा भिंतीवर बसायला रस्त्यावरचा हलका भार लागतो. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर सकाळी पुन्हा टॉर्क पाना लावून मधल्या नटापासून बाहेर जात हेड कसायचं आणि आठही टॅपेटं सेट करायची.

पाचशे किलोमीटर झाले की तेल पांढऱ्या फडक्यातून गाळत काढतात आणि फडकं उन्हात धरून पाहतात. थोडी करडी भुकटी असतेच, ती रिंगांची. पिवळट किंवा तांबूस चमक असेल तर पुन्हा खाली, बेअरिंगपर्यंत उतरावं लागतं. नसेल तर तेलाच्या चेंबरचं बूच नव्या वायसरसह बसवतात, नवं तेल भरतात आणि वहीत तारखेपुढे किलोमीटरचा आकडा लिहितात.